टाळी देणारा डबा

२३ ऑक्टोबर. पहाटे धुकं, आठनंतर स्वच्छ ऊन. वारा जवळजवळ नाहीच.

माझ्या वहीत डाव्या पानावर आकडे असतात आणि उजव्या पानावर हवा. किश्शांसाठी जागाच ठेवलेली नाही. पण चार महिन्यांत ते आधी समासात शिरले, मग पानाच्या तळाशी, मग आडवे. परवा बघतो तर दोन आकड्यांच्या मधोमध कौसल्यावहिनींचं एक वाक्य बसलेलं! आकडे कुठे संपतात आणि वहिनी कुठे सुरू होतात, हे माझं मलाच कळेना. म्हणून किस्से आता वेगळ्या कागदावर काढून घेतो. काल सगळं पार पडलं, जीव भांड्यात पडला, तेव्हा आज हात मोकळा आहे.

आधी कोण कुठलं ते सांगतो. साकोलीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून नागझिऱ्याच्या अंगाला पंचवीस-तीस घरांची एक टोली आहे आणि टोलीपासून तीन किलोमीटर आत, जंगलात, जुना तलाव. खालच्या सगळ्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्या पाण्यावर. तलावात पाणी किती आहे हे पट्टीवर वाचून रोज सकाळी पाणी समितीला सांगायचं काम डोमाजींचं. अकरा वर्षं ते रोज जात-येत होते. मागच्या पावसाळ्यात वाटेत त्यांना अस्वलानं धरलं. उजव्या खांद्याला बावीस टाके पडले. टाके निघाल्यावर पुन्हा तीच वाट, कारण आकडा कोणीतरी आणायलाच हवा. ते परत येईपर्यंत त्यांच्या पत्नी कौसल्यावहिनी चुलीवर काही चढवत नसत.

तलावावर मोबाईलला रेंज नाही. म्हणून नागपूरच्या एका कॉलेजातल्या ऋतुजा मॅडम दोन रेडिओ-डबे घेऊन आल्या. एक तलावाच्या सांडव्यावर, एक डोमाजींच्या घरात. तलावावरच्या डब्यानं पाणी मोजायचं आणि घरातल्या डब्यावर आकडा उमटायचा. चाचणी पास झाली तर डबे इथेच राहणार आणि डोमाजी घरी बसणार. नापास झाली तर डबे नागपूरला आणि डोमाजी जंगलात. मॅडमना अँटेना बांधायला स्थानिक माणूस हवा होता, म्हणून मी.

*

साधा रेडिओ त्या जंगलात टिकेना. आकडा निघायचा एकच, पण सागाच्या खोडांवर, टेकडीवर, पाण्यावर आपटून त्याचे तुकडे वेगवेगळ्या वाटांनी यायचे. कोणी आधी, कोणी मागून, एकमेकांच्या अंगावर चढून. घरी पोचायचा तो नुसता गोंगाट.

मॅडमनी डोमाजींना अंगणात बसवून आपली युक्ती समजावली. "घरातला डबा आधी रेडिओचा एक ठोका, समजा एक छोटीशी टाळी, देणार. तलावावरचा डबा ती ऐकणार. टाळीचा कुठला तुकडा कधी पोचला, ते लिहून घेणार. मग आकडा पाठवताना ती नोंद उलटी वाजवणार. जो शेवटी आला, त्याला सगळ्यात आधी सोडायचं. म्हणजे सगळे तुकडे आपापल्या वाटेनं परत येतील आणि घरातल्या अँटेनापाशी एकाच क्षणी भेटतील. याला टाइम रिव्हर्सल म्हणतात."

मी हे तीन रात्री पुस्तक उघडून वाचलं होतं आणि अर्धंच कळलं होतं. डोमाजींनी तंबाखू मळता मळता मान हलवली.

"मंजे लग्नासारखं हाय. अकराचा मुहूर्त असन तं लाखांदूरच्या मामाले पहाटेच काढा लागते, अन् शेजारच्याले पावणेअकराले. मंग अक्षता टाकाले सारे एकाच टाइमले हजर!"

मॅडम बघतच राहिल्या. "डोमाजी, हे मी माझ्या पेपरात लिहू का?"

"लिवा ना जी. पण शेजारचा तरी बी उशिराच येते, हे बी लिवा!"

*

समितीच्या बैठकीत मॅडमनी हेच पुन्हा सांगितलं. सगळे शांत बसून ऐकत होते. 'टाइम रिव्हर्सल म्हणजे वेळ उलटी फिरवणं' एवढं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला.

"बाई, वेळ उलटी फिरते मंता, तं मागच्या साली सांडव्यावरून जे पाणी वाहून गेलं, ते वापस आणता येईन का?"

मॅडमनी अगदी मन लावून उत्तर दिलं. फक्त टाळीची नोंद उलटी वाजते, पाणी नाही, वगैरे. चांगली दहा मिनिटं.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खाली बसता बसता म्हणाला, "मंग नाव मोठं काहून ठेवलं गा?"

*

या पद्धतीत एक गंमत आहे. आकडा जमतो तो जिथून टाळी दिली त्याच जागी. अँटेना एक वीत जरी सरकली तरी तिथे काही नाही. त्या वेळी आम्ही बॅटरी वाचवायला टाळी सकाळी एकदाच घेत होतो आणि दिवसभर तीच वापरत होतो. हे वहिनींना सांगायचं आमच्याकडून राहून गेलं.

एका शनिवारी सकाळच्या टाळीनंतर घरातला डबा अचानक गप्प झाला. मी साकोलीहून धावत आलो. वायर बघितली, बॅटरी बघितली, तलावापर्यंत जाऊन आलो. सगळं ठीक! शेवटी विचारलं, "वहिनी, डब्याला कोणी हात लावला का?"

"नाही जी. म्या फक्त सारवलं. डबा उचलला अन् जिथं होता तिथंच ठेवला."

टेप काढून मोजलं तर डबा नऊ इंच डावीकडे! वहिनी म्हणाल्या, "तिथंच मंजे तिथंच हाय ना. का दुसऱ्याच्या घरी ठेवला?"

पण गोष्ट त्यांनी मनाला लावून घेतली. त्यानंतर त्या डब्याभोवती सारवत गेल्या, डबा न हलवता. गेल्या आठवड्यात मॅडमनी डबा पुसायला उचलला तर खाली डब्याच्या मापाचा चौकोन, दोन बोटं खोल! चार महिन्यांचं सारवण भोवती चढलेलं. मॅडमनी डबा परत त्यात ठेवला. साच्यात बसल्यासारखा बसला. मी लोखंडी क्लॅम्प करून आणला होता. तो तसाच परत नेला.

*

शेजारच्या नामदेवला वेगळाच संशय. आकडा डोमाजींच्या घरी उमटतो, म्हणजे पाणी कधी सुटणार हे डोमाजींना आधी कळणार आणि ते आपल्या बांध्या आधी भरून घेणार!

"माह्या घरी बी आकडा दिसला पायजे," तो हटून बसला.

मॅडम समजूतदार. त्यांनी जास्तीचा एक रिसीव्हर त्याच्या हातात दिला. "घ्या, हा घेऊन घरात कुठेही फिरा."

नामदेव ओसरीवर उभा राहिला, माजघरात गेला, माळ्यावर चढला. धानाच्या तणसाच्या ढिगावरही चढून पाहिलं. इकडे डोमाजींच्या घरात आकडा स्वच्छ येत होता आणि मधे फक्त एक मातीची भिंत! नामदेवच्या हातात खरखरसुद्धा धड नाही. घामाघूम होऊन त्यानं रिसीव्हर परत आणून दिला.

"बापा! आपल्या माणसाशिवाय कोणाच्या कानात सांगतच नाही!" आणि मग जरा विचार करून, "आमच्या घरच्यांले शिकवता येईन का हे?"

त्याची बायको कुंपणापलीकडे उभी होती. पुढचं मी लिहीत नाही.

*

आता माझी चूक. ती मी लपवली असती तर किस्से एकाने कमी झाले असते, पण वहीत आहे तेव्हा इथेही यायला हवी.

सप्टेंबरात एक दिवस असा आला की टाळी अगदी सुरेख पोचली. ना वारा, ना पाऊस, एकेक तुकडा मोजून घ्यावा असा वेगळा. त्या दिवशी एकही आकडा चुकला नाही. मी तारखेखाली दोन रेघा मारल्या. नोंदी नीट ठेवायची मला सवय. मनात आलं, इतकी चांगली टाळी हातात असताना रोज नवी कशाला घ्यायची? ती नोंद मी जपून ठेवली आणि मॅडम नागपूरला गेल्या असताना तलावावरच्या डब्यात कायमची घालून टाकली.

चार-पाच दिवस ठीक चाललं. मग आकडे तुटायला लागले, मग बंद. मी वायर बदलली, अँटेना बदलली. दोन दिवस डोमाजींना पुन्हा तलावावर जावं लागलं. त्या दोन दिवसांत वहिनी माझ्याशी वाईट बोलल्या नाहीत. मला चहा मात्र दिला नाही.

दुसऱ्या दिवशी डोमाजी परत आले, पायावरचा चिखल खरवडत ओट्यावर बसले आणि मी वही उघडून त्यांना ती दोन रेघांची तारीख दाखवली. "हीच टाळी आहे डोमाजी, एक नंबर टाळी! तरी का चालत नाही?"

"कोन्या दिवसाची मनता?"

मी तारीख सांगितली.

"तवा हलका धान उभा होता जी. आता कापून त्याचे ढीग, पुंजणे लागले. नाल्याकडचं येनाचं मोठं झाड पडलं परवा. मीच दोन दिवसांपासून वळसा घेऊन जाऊन राहिलो. तुमचा आवाज काहून जुन्या वाटेनं येईन?"

मी वही मिटली. त्याच संध्याकाळी मॅडमना फोन करून सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "भाऊ, जगात सगळे लोक नोंदी ठेवत नाहीत म्हणून फसतात. तुम्ही ठेवल्या म्हणून फसलात!"

तेव्हापासून प्रत्येक आकड्याआधी ताजी टाळी. घरच्या डब्यानं टाळी दिली की त्याच क्षणी तलावाचा आकडा. त्यानंतर डबा गप्प झाला नाही. बॅटरी जास्त लागते, म्हणून मी सोलर पॅनल वाढवला. चहा सुरू झाला.

*

आणि कालची गोष्ट. शेवटची चाचणी.

नागपूरहून एक साहेब आले होते. अट साधी. सकाळी सात ते आठ, दर पाच मिनिटांनी एक, असे बारा आकडे. तलावावर साहेब स्वतः पाणी किती ते लिहिणार, घरी मॅडम डब्यावर आलेलं लिहिणार. दोन्ही कागद जुळले तर पास. एकसुद्धा चुकला तर डबे गाडीत.

साहेब म्हणाले, "डोमाजींना घेऊन जाऊ. त्यांना वाट माहीत आहे."

कौसल्यावहिनी दारातच होत्या. "साहेब, डबा त्यायले घरी बसवाले आणला ना? मंग आजच कायले नेता?"

साहेबांनी ते मानलं. मग साहेब आणि मी असे दोघेच निघालो. डोमाजींनी मला त्यांची काठी दिली. ते ओट्यावर बसले, पण बसणं काही जमत नव्हतं. अकरा वर्षं सातला माणूस जिथे असायचा तिथे आज दुसरेच चालले होते.

सातला आम्ही सांडव्याच्या भिंतीवर. पट्टीवर सात फूट चार इंच. साहेबांनी लिहिलं. सात-पाच, सात-दहा, सात-पंधरा, सात-वीस. पाणी शांत, आकडा तोच.

सात-बावीसला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आमच्या परतीच्या वाटेत, अस्वल आलं. मागे पिल्लू. वीस पावलांवरच्या वारुळापाशी थांबून ते उकरायला लागलं. भिंतीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पंधरा फूट खोल दगड.

साहेब हळूच म्हणाले, "हे रोज असतं का?"

"रोजचं डोमाजींना माहीत," मी म्हणालो.

साहेबांनी मोबाईल काढला. रेंज नाही. ओरडावं तर पिल्लाची आई. तिथून गावात काही पोचत असेल तर ते एकच, डब्याचा आकडा. आणि डबा पाण्याच्या उंचीखेरीज दुसरं काही बोलत नाही.

पाणी मोजायला भिंतीला एक उभा पाइप आहे. त्यात तरंगणारा फ्लोट आणि त्याची तार वर येते. मी घड्याळ बघितलं. सात-चोवीस. तार धरली आणि फ्लोट पाइपच्या तोंडापर्यंत, बारा फुटांच्या खुणेपर्यंत ओढून धरला. सात-पंचवीस. खाली गावात टाळी झाली असणार. मी हळूच सोडला.

"काय करताय?" साहेबांनी ओठांनीच विचारलं.

"तुम्ही लिहा. बारा फूट शून्य."

साहेबांनी लिहिलं. पुढे कंसात लिहिलं, 'हाताने'. सात-तीसला मी काहीच केलं नाही. सात-पस्तीसला पुन्हा बारा. सात-चाळीसला सोडलं. सात-पंचेचाळीसला पुन्हा बारा. अस्वल दर वेळी तारेच्या कुरकुरीनं मान वर करायचं, म्हणून त्यानंतर मी तारेला हात लावला नाही.

इकडे घरी काय झालं ते मॅडमनी नंतर सांगितलं. सात-पंचवीसला डब्यावर बारा फूट उमटलं आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. "गेली चाचणी," त्या म्हणाल्या. "एकाएकी पाच फूट पाणी कसं चढेल? सिग्नल बिघडला."

डोमाजी ओट्यावरून आत आले. "किती मनते?"

"बारा."

"पाळच अकराची हाय. बारा असतं तं पाणी आतापावतर माह्या अंगणात असतं." सात-तीसला परत सात-चार आलं. त्यांनी ते वाकून बघितलं. सात-पस्तीसला पुन्हा बारा.

"बाई, डबा बिघडला असता तं असं मोजून बिघडला नसता. भाऊ तार ओढून राहिला."

"पण का?"

डोमाजींचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला होता. पुढच्या मिनिटाला ते बाहेर होते. "नामदेव! टॅक्टर काढ गा! कोपर-पराती, टिना, दिवाईचे फटाके, जे असन ते घे!"

"मी येते तुमच्यासोबत," मॅडम उठल्या तर वहिनींनी त्यांना खाली बसवलं. "तू टाळी देत राय पोरी. तुह्या टाळीवर तो माणूस बसून हाय." आणि स्वतः घरातली पितळी परात उचलून ट्रॅक्टरवर चढल्या.

मॅडमनी टाळ्या देणं थांबवलं नाही. सात-पन्नास, सात चार. सात-पंचावन्न, सात चार.

नाल्यापर्यंत ट्रॅक्टर, पुढे पायी. आठ वाजून सहा मिनिटांनी मला जंगलातून आधी परात ऐकू आली, मग टिनाचा पत्रा, मग एक सुतळी बॉम्ब. अस्वलानं पिल्लाला पुढे घातलं आणि ते मोहाच्या झाडांमागे उतरून गेलं. मग पाळीवर डोमाजी दिसले, मागे नामदेव आणि आणखी चार जण, आणि सगळ्यांच्या मधे कौसल्यावहिनी, एका हातात परात, एका हातात उलथणं.

डोमाजी भिंतीपाशी आले. धाप लागली होती. आधी आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग वाकून पट्टी पाहिली.

"सात-चारच हाय," ते म्हणाले.

घरी पोचल्यावर साहेबांनी आपला कागद मॅडमच्या कागदाशेजारी ठेवला आणि एकेक ओळ बोटानं जुळवत खाली आले. सात-चार नऊ वेळा, बारा-शून्य तीन वेळा. मग त्यांनी सही केली. पाठवले बारा, पोचले बारा, जुळले बारा. डबा मंजूर.